खांदा बरा होतो म्हणजे काय होतें?

गेल्या महिन्यांत एका रविवारीं आमचें विठ्ठलवाडीस जाणें झालें. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेनें गाडी निघाली कीं पहिलेंच स्टेशन विठ्ठलवाडीचें. सकाळच्या वेळीं त्या फलाटावर पाठीवर लांबलचक पिशव्या घेतलेलीं मुलें मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभीं असलेलीं दिसतात. पिशव्यांत बॅट, पॅड आणि पांढरे कपडे. कोणी दादरला उतरून शिवाजी पार्क गांठतो, कोणी शेवटपर्यंत जाऊन आझाद मैदान. ह्या टापूंतील मुलांना मोठ्या क्रिकेटचें स्वप्न आतां अगदींच दूरचें वाटत नाहीं. कल्याणचाच तुषार देशपांडे असाच लोकल गाडीनें जा-ये करीत जलद गोलंदाज झाला आणि जुलै २०२४ मध्यें हरारे येथें भारतातर्फे खेळला.

ज्या स्नेह्यांकडे आम्ही गेलों होतों, त्यांचा नातू ह्याच मुलांपैकीं एक. वय एकोणीस, कॉलेजच्या संघांतील उजव्या हाताचा जलद गोलंदाज. परंतु त्या रविवारीं तो मैदानावर नव्हता. उजवा हात गळ्यांतील झोळींत अडकवून तो डाव्या हातानें चमच्यानें पोहे खात बसला होता. डाव्या हातानें जेवणें आजींना मुळींच रुचत नाहीं; पण चमचा त्यांनींच काढून दिला होता. खांद्यावरील शस्त्रक्रियेला पांच आठवडे होऊन गेले होते.

घरांत माणसें नऊ, आणि मतेंही जवळजवळ तितकींच. आजींचें म्हणणें, हा खेळच नको. रोज तेल चोळून खांदा नीट करावा आणि मुलानें अभ्यासाला लागावें. वडिलांचें म्हणणें, डॉक्टरांनीं शिवून दिलें आहे, म्हणजे यंत्र दुरुस्त झालें. दोन महिन्यांत पोरगा मैदानावर दिसला पाहिजे. काकांना निवड-चांचणीची तारीख पाठ होती. मुलाची आई कांहींच बोलत नव्हती. रात्रीं त्याच्या पाठीशीं उशा रचण्याचें काम मात्र तिच्याकडे होतें.

याच्याही आधीं चार दिवस एक प्रकार घडला होता. दिवसांतून थोडा वेळ झोळी काढण्याची परवानगी मिळाली, त्या दिवशीं घरांतील जो तो म्हणाला, "अरे, आतां बरा दिसतोस कीं!" मुलालाही तें खरें वाटलें. रात्रीं जेवणें झाल्यावर तो खालीं गेला आणि कुंपणाच्या भिंतीवर त्यानें तीन वेळां चेंडू टाकला. तिसऱ्या वेळीं खांद्यांतून कळ गेली. मध्यरात्रीं आईनें तळमळ ऐकली तेव्हां हें उघडकीस आलें. सुदैवानें आंतील टांके निसटले नव्हते. डॉक्टरांनीं रागें भरून पुन्हां झोळी बांधली.

आमचे स्नेही म्हणाले, "ह्यानें पुन्हां चेंडू टाकावा कीं टाकूं नये? तुम्ही मासिकांत लिहितां. एकदां ह्याचा नीट विचार करून लिहा." म्हणून आजचें हें लिहिणें. असा प्रश्न आज पुष्कळ घरांत उभा राहतो, आणि खांदा गोलंदाजाचाच असला पाहिजे असेंही नाहीं.

प्रथम खांदा म्हणजे काय तें पाहूं. मांडीचें हाड कमरेच्या खोल खोबणींत, उखळांत मुसळ असावें तसें बसलेलें असतें. म्हणून तो सांधा बळकट, पण त्याची हालचाल बेताची. खांद्याची गोष्ट वेगळी. दंडाच्या हाडाचा वाटोळा गोळा ज्या खोबणीला टेकतो, ती बशीसारखी उथळ आणि गोळ्याच्या मानानें लहान आहे. ह्या उथळपणामुळेंच आपला हात चहूंकडे फिरतो. वरच्या फळीवरचा डबा काढतां येतो आणि पाठीमागें हात नेऊन वेणीही घालतां येते. ह्या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे सांध्याची अस्थिरता. ती सांवरण्यासाठीं बशीच्या कडेला कूर्चेच्या जातीची एक चिवट कड असते, सांध्याभोंवतीं एक पिशवी असते, आणि चार लहान स्नायू आपल्या कंडरांनीं गोळ्याला पुढून, वरून व मागून आवळून जागेवर धरतात.

आतां जलद फेंकणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर आणावा. क्रिकेटचा चेंडू सुमारें १६० ग्रॅम वजनाचा. बेसबॉलचा त्याहून थोडा हलका, परंतु तेथें धांवून येण्याची सोय नाहीं. फेंकणारा, ज्याला तिकडे पिचर म्हणतात, दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहून ६० फूट ६ इंचांवरील फलंदाजाकडे कोपर वांकवून चेंडू सोडतो. त्या क्षणीं त्याचा दंड खांद्यांत ज्या वेगानें फिरतो, तो वेग सेकंदाला सुमारें ७००० अंश इतका मोजला गेला आहे. त्याच वेगानें हात फिरतच राहता, तर एका सेकंदांत एकोणीस फेऱ्या झाल्या असत्या. आणि चेंडू सुटल्यावर तोच हात क्षणार्धांत थांबवावयाचा असतो. तें काम मुख्यत्वें त्या लहान स्नायूंचें. शेंकडों वेळां तें केल्यावर कंडरा झिजते किंवा चिवट कड हाडापासून सुटते. जलद गोलंदाजाचा हात सरळ असला तरी त्याच्याही खांद्याला हाच भार थोड्या वेगळ्या तऱ्हेनें सोसावा लागतो.

शस्त्रक्रियेंत सुटलेला भाग पुन्हां हाडाशीं आणून टांक्यांनीं बांधतात. आतां बहुधा लहान छिद्रांतून बारीक दुर्बीण घालून हें काम होतें, त्यामुळें वरून जखम अगदीं थोडी दिसते. घरच्या माणसांची फसगत नेमकी येथेंच होते. शिंप्यानें टांका घातला कीं कापड तत्क्षणीं सांधलें जातें. शरीराचें तसें नाहीं. टांका नुसता धरून ठेवतो. सांधण्याचें काम शरीर करतें, आणि तें आपल्या गतीनें करतें. वेदना त्याच्या पुष्कळ आधीं थांबते. वरची कातडी दोन आठवड्यांत मिटते, दुखणें महिन्या-दीड महिन्यांत ओसरतें, पण आंतील जोड त्या वेळीं अगदीं कोंवळा असतो. बरें वाटणें आणि बरें होणें ह्यांमध्यें कित्येक महिन्यांचें अंतर आहे, आणि विठ्ठलवाडीचा आमचा गोलंदाज त्याच अंतरांत घसरला.

सामान्य क्रम असा असतो. चार ते सहा आठवडे हात झोळींत. मग दुसऱ्याच्या किंवा आपल्याच चांगल्या हाताच्या साहाय्यानें हालचाल. सुमारें तीन महिन्यांनंतर बळ वाढविण्याचे व्यायाम. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास, परवानगी मिळाल्यास, अगदीं जवळच्या अंतरावरून हलकेच फेंकणें. आणि पुऱ्या वेगाच्या सामन्याला नऊ महिने, वर्ष, क्वचित् त्याहूनही अधिक. शस्त्रक्रिया लहान असेल तर मुदत लहान. प्रत्येकाची मुदत त्याचा शल्यचिकित्सक ठरवील. शेजाऱ्याच्या मुलाची मुदत आपल्या मुलाला लावूं नये.

आतां ज्यानें हा मार्ग चालून दाखविला, अशा एका महाराष्ट्रीय गोलंदाजाकडे पाहूं. झहीर खानचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजीं श्रीरामपूर येथें झाला. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो क्रिकेटसाठीं मुंबईस आला, आणि २००० सालापासून भारताच्या संघांत डावखुरा जलद गोलंदाज म्हणून खेळूं लागला. २००६ सालीं संघाबाहेर असतांना तो इंग्लंडांत वुस्टरशर परगण्याकडून खेळला व त्या हंगामांत त्यानें प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ७८ बळी घेतले. त्याच काळांत त्यानें आपली धांव आंखूड केली आणि वेगापेक्षां चेंडू वळविण्यावर व फलंदाजाचें मन ओळखण्यावर भर दिला. ह्या गोष्टीचें महत्त्व पुढें कळलें. खांद्यानें दगा दिला, तेव्हां त्याची सारी विद्या खांद्यांतच सांठविलेली नव्हती.

२००९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत झालेल्या आय.पी.एल.च्या हंगामांत त्याचा खांदा दुखावला आणि पुढें शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडिजचा दौरा व चॅम्पियन्स करंडक त्याला मुकावे लागले. नोव्हेंबर २००९ मध्यें अहमदाबादच्या कसोटींत तो परतला. कथा-कादंबरींत अशा वेळीं नायक पहिल्याच षटकांत तिन्ही दांड्या उडवितो. येथें काय झालें? श्रीलंकेनें ७ बाद ७६० धांवांवर डाव घोषित केला! उन्हांत तासन्‌तास चेंडू टाकीत राहणें हेंच ह्या पुनरागमनाचें पहिलें फळ होतें. पण खांदा टिकला. डिसेंबरांत मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर त्याच श्रीलंकेविरुद्ध त्यानें दुसऱ्या डावांत ७२ धांवांत ५ बळी घेतले. जानेवारी २०१० मध्यें ढाक्यास बांगलादेशाविरुद्ध ८७ धांवांत ७. त्याच्या साऱ्या कसोटी कारकीर्दींतील ही सर्वोत्तम कामगिरी, आणि ती शस्त्रक्रियेनंतरची.

२०११ च्या विश्वचषकांत त्यानें २१ बळी घेतले. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनें ते सर्वांत अधिक होते. त्या स्पर्धेंत त्यानें बोटांच्या पेरांवर चेंडू धरून टाकावयाचा एक हळू चेंडू वापरला. ती युक्ति मुळांत बेसबॉलच्या पिचरांची. बळ कमी करून फलंदाजाला फसविण्याची ही विद्या खांदा जपणाऱ्यास किती उपयोगी, हें सांगावयास नको. २ एप्रिल रोजीं वानखेडे मैदानावरील अंतिम सामन्यांत त्याचीं पहिलीं पांच षटकें अशीं होतीं: तीन निर्धाव, सहा धांवा, एक बळी. शेवटच्या पांच षटकांत त्याला मारही भरपूर बसला, हेंही सांगितलें पाहिजे.

आणि त्यापुढचें? जुलै २०११ मध्यें लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशीं मांडीच्या मागचा स्नायु दुखावून त्याला मैदान सोडावें लागलें. पुन्हां तीच वाट, तेच व्यायाम. ऑक्टोबर २०१५ मध्यें त्यानें आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा निरोप घेतला तेव्हां ९२ कसोट्यांत त्याचे ३११ बळी झाले होते. निरोपाचें कारण त्यानें स्वतःच स्पष्ट सांगितलें. दिवसाला सुमारें अठरा षटकें टाकण्याचा ताण आपलें शरीर आणि खांदा आतां सोसणार नाहीं, असें हंगामाची तयारी करतांना त्याच्या ध्यानीं आलें. शस्त्रक्रियेनें त्याला नवा खांदा दिला नव्हता. सहा वर्षें दिलीं होतीं. त्यानें तीं उत्तम रीतीनें खर्चिलीं, आणि संपलीं तेव्हां हिशेब ओळखला.

अमेरिकेंतील पिचरांचा अनुभव ह्याहून निराळा नाहीं. रॉजर क्लेमेन्स ह्याच्या खांद्यावर १९८५ सालीं शस्त्रक्रिया झाली, आणि २९ एप्रिल १९८६ रोजीं त्यानें एकाच सामन्यांत वीस फलंदाजांना चेंडूला स्पर्शही करूं न देतां किंवा चकवून बाद केलें. हें उदाहरण सर्वांना आवडतें. ऑरेल हर्शायझर ह्याची एप्रिल १९९० मध्यें फ्रँक जोब ह्या प्रसिद्ध शल्यचिकित्सकांनीं शस्त्रक्रिया केली. तो मे १९९१ च्या अखेरीस, म्हणजे तेरा महिन्यांनीं, परतला. पूर्वीची ती झळाळी पुन्हां आली नाहीं, पण २००० सालापर्यंत तो खेळत राहिला. योहान सांताना ह्याची सप्टेंबर २०१० मध्यें शस्त्रक्रिया झाली व २०११ चा सबंध हंगाम बुडाला. १ जून २०१२ रोजीं त्यानें १३४ चेंडू फेंकून प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजास सफल टोला मिळूं दिला नाहीं. न्यूयॉर्क मेट्स संघाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासांत असें प्रथमच घडलें. पुढच्याच वर्षीं त्याचा खांदा पुन्हां फाटला, आणि तो त्या श्रेणीच्या मैदानावर परत दिसला नाहीं. ती एक रात्र आणि ती जखम ह्यांचा संबंध जोडण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु मुलाला क्लेमेन्सची गोष्ट सांगतांना सांतानाची गाळूं नये, एवढें आम्ही म्हणूं.

आतां घराकडे वळूं. शल्यचिकित्सकाचें काम एक-दोन तासांचें असतें. उरलेलें वर्ष घराच्या वांट्याला येतें.

सदरा घालतांना दुखरा हात आधीं बाहींत घालावा, आणि काढतांना तो शेवटीं काढावा. पुढून बटणें असलेलेच सदरे वापरावे. पहिले आठवडे पाठीशीं उशा देऊन अर्धवट बसून झोंपणें सोयीचें. आईनें हें कोणी न सांगतां ओळखलें होतें. तेलाचा मान आम्ही राखतों, पण शस्त्रक्रिया झालेल्या सांध्यावर परवानगीवांचून मर्दन करूं नये. आजींनीं नातवाच्या तळपायांना तेल चोळावें. मायेचा हात कोठेंही पोंचतो. तपासणीसाठीं मुंबईस जावयाचें तर दुपारची मोकळी गाडी धरावी. गर्दीच्या गाडींत माणूस धक्का लागतांच आपोआप वरची कडी धरण्यास हात उचलतो, आणि तो हात कोणता हें त्या क्षणीं त्याच्या हातीं नसतें.

ह्याहून कठीण पथ्य जिभेचें. "आतां किती बरें आहे?" हा प्रश्न नऊ माणसांनीं दिवसांतून नऊ वेळां विचारला, तर मुलगा उत्तर देण्यासाठीं तरी बरा होऊं पाहतो. काकांनीं निवड-चांचणीची तारीख भिंतीवरून काढून तेथें व्यायामाचा तक्ता लावावा. मुलाचे पाय, पोट, पाठ तर बिघडलेलीं नाहींत. परवानगी मिळेल तसा त्यांचा व्यायाम चालूं द्यावा. कारण चेंडूचा बराचसा वेग पायांतून आणि कमरेंतून येतो, आणि तीं दुर्बळ राहिलीं कीं त्यांची उणीव खांद्याला भरावी लागते. सामने पाहावे, धांवांची नोंद ठेवावी, फलंदाज कसा चुकतो हें लिहून काढावें. झहीर खानला जी विद्या खांद्याबाहेर सांपडली ती अशाच दृष्टीनें पाहणाराला सांपडते.

आणखी एक गोष्ट वडिलांनीं मनावर घ्यावी. हा खांदा एका चेंडूनें फाटलेला नाहीं. चौकशी करतां कळलें कीं गेल्या हंगामांत मुलगा एकाच आठवड्यांत कॉलेजकडून, क्लबाकडून आणि गल्लीच्या स्पर्धेंतही गोलंदाजी करीत होता. प्रत्येक कर्णधाराला आपल्यापुरतीं षटकें ठाऊक. सर्वांची बेरीज करणारें कोणी नव्हतें. अमेरिकेंतील लिटल लीग ह्या मुलांच्या बेसबॉल संस्थेनें २००७ सालापासून एका दिवसांत मुलानें किती चेंडू फेंकावे, ह्याला वयाप्रमाणें मर्यादा घातली आहे. आपल्याकडे ती बेरीज घरीं करतां येईल. दुधाचा हिशेब आपण ठेवतों, तसा चेंडूंचाही ठेवावा.

राहिला आमच्या स्नेह्यांचा प्रश्न. त्यानें पुन्हां चेंडू टाकावा कीं नाहीं? आमचें उत्तर असें कीं हा प्रश्न आज विचारूंच नये. सहा महिन्यांनंतर तीन गोष्टी पाहाव्या: हात सर्व दिशांना न दुखतां फिरतो काय, त्याचें बळ दुसऱ्या हाताच्या बरोबरीला आलें आहे काय, आणि जवळून हलकें फेंकल्यावर दुसऱ्या दिवशीं खांदा शांत असतो काय. तिन्हींचें उत्तर होय आलें आणि डॉक्टरांनीं संमति दिली, तर आजींनीं आडवें येऊं नये. एकाचेंही नाहीं आलें, तर वडिलांनीं रेटूं नये. मुलानें पुन्हां गोलंदाजी केली नाहीं, तरी हें वर्ष फुकट गेलें असें आम्ही मानणार नाहीं. डोक्यावर हात नेऊन स्वतःचा डबा स्वतः काढणें, पुढें आपल्या मुलाला उचलून घेणें, ह्यासाठींही हाच खांदा लागणार आहे.

परवां स्नेह्यांचें पत्र आलें. झोळी आतां सुटली आहे, ह्या वेळीं डॉक्टरांच्या सांगण्यावरून. रोज सकाळीं व संध्याकाळीं मुलगा पाठीवर निजून दोन्ही हातांत काठी धरतो आणि डाव्या हाताच्या जोरावर उजवा हात हळूहळू वर नेतो. किती वेळां झालें हें तो मध्येंच विसरतो, किंवा घाईनें एखादें वाढवून सांगतो. म्हणून मोजण्याचें काम आजींनीं आपल्याकडे घेतलें आहे. शेजारीं पाट मांडून त्या बसतात आणि जपाच्या माळेवर मोजतात. दहा झाले कीं थांबवितात. अकरावा करूं देत नाहींत.